शाफ्टचा क्रॉस गेलाय का ते कसं ओळखायचं आणि स्वतः कसा बदलायचा (बोलेरो, पिकअप, ईकोवाल्यांसाठी)

ज्यांच्याकडं बोलेरो, पिकअप, सुमो, स्कॉर्पिओ, ईको, ओम्नी, टाटा एस असलं काही आहे आणि ज्यांनी गाडीखाली अजून कधी हात घातला नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. ह्या सगळ्या गाड्यांमधे ताकद मागच्या चाकांना जाते, गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या एक्सलच्या मधला गोळा) लांब प्रोपेलर शाफ्ट असतो आणि त्या शाफ्टच्या टोकांना क्रॉस. स्विफ्ट, वॅगनआर, अल्टो, एर्टिगा ह्यांच्यात हा शाफ्टच नाही, तिथं पुढच्या चाकांना सीव्ही जॉइंट असतात, वळताना कट-कट वाजतं ते त्यांचं, ते काम वेगळं.

क्रॉस म्हणजे अधिकच्या आकाराचा लोखंडी तुकडा, चार दांड्या, प्रत्येक दांडीवर एक कप आणि कपाच्या आत गोलाकार उभ्या लावलेल्या बारीक निडल, दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या. मागचा एक्सल खड्ड्यात खालीवर होत असतो तरी शाफ्ट फिरत राहतो तो ह्या क्रॉसमुळं. आयटीआयच्या पुस्तकात ह्यालाच हूक्स जॉइंट लिहिलेलं असतं, 17 व्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावानं.

मला ठासून सांगायचंय ते एवढंच की क्रॉस एकदम तुटत नाही, तो बरेच दिवस आवाज देतो, आणि तो आवाज ज्याला ओळखता आला त्याचं काम एका क्रॉसच्या किमतीत आटोपतं. नाही ओळखला तर पुढं काय होतं ते पण ऐका. 60 च्या स्पीडला बोलेरोसारख्या गाडीचं चाक मिनिटाला साडेचारशेच्या आसपास फेरे घेतं आणि शाफ्ट त्याच्या चौपटीनं फिरतो, म्हणजे दोन हजाराच्या जवळ. त्या वेगात मागचा क्रॉस तुटला तर शाफ्ट खाली लटकून आपटत राहतो, ब्रेकचा पाइप, सायलेन्सर, टाकी काही सोडत नाही, आणि पुढचा तुटला तर शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यात रुतू शकतं, गाडी मागून उचलली जाते. त्यामुळं आवाज येतोय पण अजून चालून राहिली ना गाडी, मग जाऊ दे भो, असं करू नका, घरातली माणसं त्याच गाडीत बसतात.

आपल्याकडं क्रॉस लवकर का जातो त्याला कारणं आहेत. पावसाळ्यात रावेर यावलकडं केळीच्या बागेत नाहीतर कपाशीच्या शेतात गाडी घातली की काळी माती आणि पाणी थेट शाफ्टवर, सील थोडं जुनं असलं की पाणी कपात शिरतं, ग्रीस धुतलं जातं, गंज चढतो, निडल कोरड्या घासतात. मग वर कपाशीच्या गाठोड्यांचा नाहीतर केळीच्या घडांचा ओव्हरलोड, पाटे (लीफ स्प्रिंग) दबले की शाफ्टचा कोन बदलतो, आणि कन्नड घाट किंवा तोरणमाळ चढताना पहिल्या दुसऱ्या गिअरला शाफ्टवर सगळ्यात जास्त पीळ बसतो. ज्यांनी गाडी उंच दिसावी म्हणून मागं लांब शॅकल (पाट्याला चेसिसशी जोडणाऱ्या पट्ट्या) टाकलेत त्यांचा क्रॉस अजून लवकर जाणार, कोन वाढला की क्रॉसचं आयुष्य कमी होतं.

आता ओळखायचं कसं

पहिलं लक्षण म्हणजे 'टक'. रिव्हर्समधून पहिल्या गिअरला टाकून क्लच सोडला, किंवा चालत्या गाडीत अॅक्सिलरेटर सोडून परत दाबला की सीटखाली नाहीतर मागं एकच टक असा आवाज. दुसरं म्हणजे हळू चालताना, गल्लीतून निघताना वगैरे, कोरड्या रहाटासारखा चिर्र चिर्र आवाज, गाडीचा वेग वाढला की चिर्र पण भरभर होतो आणि मग बाकीच्या आवाजात बुडून जातो. हा आवाज आला म्हणजे एखाद्या कपातलं ग्रीस संपलं, तेव्हाच ग्रीस मारलं तर कधीकधी क्रॉस वाचतो, पण निडलनी दांडीवर खाचा पाडल्या असतील तर ग्रीस मारून आवाज आठ-पंधरा दिवस दबतो आणि परत येतो. तिसरं लक्षण म्हणजे थरथर, ठरावीक स्पीडनंतर सीट आणि फ्लोअर थरथरतो. फक्त स्टेअरिंग थरथरत असेल तर आधी पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग बघा.

थरथरीच्या बाबतीत एक गोष्ट नवीन माणूस विसरतोच. शेतातून आलेल्या गाडीच्या शाफ्टला काळ्या मातीचा गोळा चिकटून वाळलेला असतो, कधी ठिबकची नळी किंवा नायलॉनची दोरी गुंडाळलेली असते, तेवढ्यानं पण शाफ्टचं बॅलन्स जातं आणि दोरी तर सील कापून आत घुसते. म्हणून क्रॉसला नाव ठेवायच्या आधी शाफ्ट धुवा, स्वच्छ पुसा आणि गाडी एकदा चालवून बघा. शाफ्टला एखादी छोटी पट्टी वेल्डिंग केलेली असते ती बॅलन्सची असते, ती मातीच्या नादात उपटायची नाही, आणि ती पडून गेल्याची खूण दिसली तर थरथरीचं कारण तिथंच सापडलं.

आता गाडीखाली जाऊ. सपाट जागा, काँक्रीट असलं तर उत्तम. पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे गुटके, इंजिन बंद, चावी खिशात, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. बोलेरो, पिकअपसारखी उंच गाडी असली तर जॅक लावायची गरजच नाही, माणूस आरामात सरकतो, आणि चाकं जमिनीवर असताना शाफ्टचा कोन पण खरा असतो. उन्हाळ्यात हे सकाळी सकाळीच करा, दुपारी जळगाव भुसावळच्या उन्हात पाना हातात धरवत नाही आणि गाडी चालवून लगेच खाली गेलात तर सायलेन्सर पण भाजतो.

एका हातानं क्रॉसच्या अलीकडचा फोर्क, म्हणजे क्रॉसचे कप ज्याच्या दोन कानांत बसतात तो भाग, धरा, दुसऱ्या हातानं पलीकडचा शाफ्ट, आणि दोन्ही उलट दिशेनं पिळा. मग वरखाली, मग आडवं हलवा. इथं नजर कपावर ठेवायची, हातावर नाही. फोर्क आणि शाफ्ट दोन्ही सोबतच थोडे फिरले आणि कुठंतरी डिफरन्शियलच्या पोटात टक झालं तर तो डिफरन्शियलचा बॅकलॅश, म्हणजे आतल्या गिअरच्या दात्यांमधली ढील, थोडा असतोच, क्रॉसचा त्याच्याशी संबंध नाही. पण फोर्क जागेवर आणि शाफ्ट हलला, म्हणजे कप आणि दांडीच्या मधे हालचाल डोळ्याला दिसली, तर क्रॉस गेला. चांगल्या क्रॉसमधे डोळ्याला दिसेल एवढा प्ले म्हणजे ढिलेपणा नसतोच, थोडासाच आहे चालेल असं काही नसतं.

कपाच्या कडेला गंजाची लालसर भुकटी दिसते का ते पण टॉर्च मारून बघा. ती दिसली म्हणजे आत पाणी गेलं, ग्रीस संपलं आणि लोखंड लोखंडाला घासतंय, मग प्ले लागो न लागो बदलून टाका. चारही कप बघायचे हं, तीन चांगले आणि एकच कोरडा असं खूपदा असतं, आणि वरचा कप खालून दिसत नाही म्हणून शाफ्ट फिरवून घ्यावा लागतो, त्यासाठी गुटके काढून, हँडब्रेक सोडून गाडी एखाद फूट ढकलायची, थांबली की हँडब्रेक नि गुटके परत लावायचे आणि मगच परत खाली जायचं.

क्रॉस ठीक निघाला तरी टक येत असेल तर फ्लँजचे (शाफ्ट जोडायची बोल्टवाली गोल चकती) नटबोल्ट ढिले आहेत का, पाट्याचे यू-बोल्ट, शॅकलचे बुश, गिअरबॉक्सचं माउंटिंग बघा. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधलं सेंटर बेअरिंग आणि त्याचं रबर, रबर फाटलं असलं की गाडी जागेवरून निघताना गरगर आणि थरथर दोन्ही येतं. स्लिप म्हणजे जिथं शाफ्ट आतबाहेर सरकतो तिथले स्प्लाइन म्हणजे उभे दाते झिजले असतील तर पिळल्यावर तिथं प्ले लागेल, क्रॉस नवा टाकून तो जाणार नाही.

सामान काय लागतं

रिंग पाना नि गोटी पाना सेट, सर्क्लिप (कप जागेवर धरणारी स्प्रिंगची रिंग) काढायचा प्लायर, जाड टेबलाला पक्का बसवलेला वाइस, हातोडी आणि एक प्लास्टिक किंवा तांब्याच्या तोंडाची हातोडी, वायर ब्रश, रॉकेल किंवा डिझेल धुवायला, गंज सोडवायचा स्प्रे, बारीक कानस, ग्रीस गन, मार्किंगला पांढरा पेंट आणि सेंटर पंच. गाडी उचलायची असेल तर घोड्या, म्हणजे स्टँड, पाहिजेतच, जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही आणि विटा, सिमेंटचे ब्लॉक तर अजिबात नाहीत, ते एकदम फुटतात.

नवा क्रॉस आणताना गाडीचं मॉडेल, साल सांगून भागत नाही, एकाच मॉडेलमधे वेगवेगळे क्रॉस आलेले असतात. जुना काढून दुकानात घेऊन जा, वर्नियरनं दोन मापं जुळवा, कपाचा बाहेरचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांमधली पूर्ण लांबी. सर्क्लिप कपाच्या बाहेर बसते की आतल्या बाजूला ते पण बघा. निपलवाला, म्हणजे ग्रीस गन लावायचं तोंड असलेला, मिळत असेल तर मी तरी निपलवालाच घ्यायला सांगीन, आपल्या धुळीचिखलात ग्रीस मारता आलं पाहिजे.

शाफ्ट उतरवणं

इथली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे की मागच्या चाकाच्या गाडीचा शाफ्ट काढला की गिअरमधे टाकलेली गाडी गिअरवर थांबत नाही. गिअर आणि चाक ह्यांच्यातला दुवाच तुम्ही काढलाय. ह्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्याच चाकांवर असतो, मग मागची चाकं उचलली की तो पण उपयोगाचा नाही. म्हणून गुटके, गुटके आणि गुटके, उतारावर हे काम करायचंच नाही.

मग खुणा. फ्लँज फ्लँजला जिथं मिळते तिथं दोन्हीवर आडवी पांढरी रेघ, आणि स्लिपवर शाफ्टचे दोन भाग मिळतात तिथं पण रेघ. पेंट रॉकेलनं धुऊन जातो म्हणून सोबत सेंटर पंचनं एकएक ठिपका मारून ठेवा. ह्या खुणा एवढ्या महत्त्वाच्या का, तर कोनात फिरणारा एक क्रॉस ताकद सारखी देत नाही, एका फेऱ्यात दोनदा पुढचा भाग थोडा जोरात आणि दोनदा थोडा हळू फिरतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक उलटी करून भरून काढतो, पण शाफ्टच्या दोन टोकांचे फोर्क एका रेषेत असतील तरच. स्लिप काढून एक-दोन दाते इकडंतिकडं बसवली की नवे क्रॉस टाकून पण गाडी थरथरते आणि मग माणूस क्रॉसला आणि दुकानदाराला शिव्या देतो.

खुणा झाल्या की मागच्या फ्लँजचे बोल्ट सोडवा. गंजले असतील तर आदल्या रात्रीच स्प्रे मारून ठेवा, सकाळी अर्धी ताकद लागते. पाना नटवर पूर्ण बसवूनच जोर लावायचा, नटाचे कोपरे गोल झाले की कटर लागतो. शेवटचा बोल्ट काढायच्या आधी शाफ्टला खालून आधार द्या नाहीतर तारेनं चेसिसला बांधा, शाफ्ट जड असतो, तोंडावर येतो, आणि एका क्रॉसवर लटकत सोडला तर दुसरा चांगला क्रॉस पण खराब होतो. दोन तुकड्यांचा असेल तर सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटचे बोल्ट पण काढायचे. काही गाड्यांमधे पुढचं टोक गिअरबॉक्समधे सरकवलेलं असतं, ते ओढलं की गिअर ऑइल वाहायला लागतं, तिथं खाली डबा ठेवा आणि गिअरबॉक्सच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी रबरबँडनं बांधा, आत धूळ पण जात नाही.

जुना क्रॉस काढणं

शाफ्ट रॉकेलनं धुवा, सर्क्लिपभोवतीचा गंज वायर ब्रशनं घासा. सर्क्लिप निघत नसेल तर कपावर हातोडीनं हलकं आत ठोका, क्लिपवरचा दाब सुटतो आणि ती फिरायला लागते. प्लायरनं दाबून काढताना डोळ्यावर चष्मा, ही क्लिप उडते आणि लागते. चारही काढा.

आता वाइसमधे एका बाजूला गोटी पान्याची कपापेक्षा लहान गोटी, म्हणजे ती कपाला ढकलेल, आणि दुसऱ्या बाजूला कपापेक्षा मोठी गोटी, म्हणजे समोरचा कप तिच्यात शिरेल. वाइस हळूहळू आवळत जा, समोरचा कप बाहेर येतो, तो वाइसमधे धरून शाफ्ट हलवत काढा. मग उलटं करून दुसरा. काढताना लहान गोटी फोर्कच्या भोकातून मोकळी जाते का ते आधी बघून घ्या. शाफ्टचा पाइप वाइसमधे दाबायचा नाही, तो आतून पोकळ असतो, चपटला की बॅलन्स गेलं, पकड फोर्कवरच घ्या. आणि फोर्कच्या कानावर घणाचे घाव घालणारे बरेच असतात, कान थोडा जरी आत वाकला की नवा क्रॉस जन्मभर आवळून फिरतो. वाइसनं हलत नसेल तर लेथवाल्याकडं हायड्रॉलिक प्रेस असतो, तिथं नेऊन काढून आणा, ह्यात काही कमीपणा नाही.

काही शाफ्टला सर्क्लिप नसतेच, फोर्कची कड पंच करून कप अडकवलेला असतो. तो क्रॉस घरी बदलायच्या भानगडीत पडू नका, शाफ्टवाल्याकडं द्या नाहीतर शाफ्टच बदलावा लागतो.

जुना क्रॉस निघाला की त्याच्या दांड्यांवरून नख फिरवा. निडलच्या उभ्या खाचा नखाला लागतात, त्यावरून कळतं टक कुठून येत होता. मग फोर्कचं भोक बघा. नवा कप त्यात हातानं सैल फिरला तर फोर्क गेला, तिथं पंच मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून कप टाइट करायचा उद्योग कुणी सुचवला तर ऐकू नका, तो कप रस्त्यात बाहेर येतो. सर्क्लिपची खाच टोकदार काहीतरी घालून पूर्ण साफ करा, भोकाच्या कडेला बर, म्हणजे लोखंडाची वर आलेली धार, असेल तर बारीक कानशीनं काढा.

नवा बसवणं

हे काम स्वच्छ कापडावर, स्वच्छ हातानं. नव्या क्रॉसचे चारही कप काढा, प्रत्येकात सगळ्या निडल उभ्या आणि एकाला एक चिकटून आहेत का मोजल्यासारखं बघा, आतून थोडं ग्रीस लावा म्हणजे त्या जागेवर धरून राहतात. सगळी गडबड इथंच होते. कप तिरका गेला किंवा क्रॉसची दांडी बाहेर सरकली की एक निडल आडवी पडते आणि कपाच्या तळाशी जाऊन बसते.

क्रॉस फोर्कमधे घाला, निपल अशा बाजूला की गाडीवर चढवल्यावर ग्रीस गन पोचेल, दोन्ही क्रॉसचे निपल एकाच बाजूला आले तर पुढं सोय होते. एक कप भोकात सरळ धरून थोडा आत दाबा, लगेच क्रॉसची दांडी त्या कपात सरकवून ठेवा, मग समोरचा कप लावा आणि दांडी दोन्ही कपात अर्धी अर्धी राहील अशी सांभाळत वाइस आवळा. दर थोड्या वेळानं थांबून क्रॉस हातानं हलवून बघा. अडकल्यासारखा वाटला तर तिथंच थांबा. कपापेक्षा थोडी लहान गोटी ठेवून शेवटचं दाबा, खाच पूर्ण दिसली की सर्क्लिप घाला आणि ती खाचेत गोल फिरते का ते बघा.

सर्क्लिपसाठी खाच दिसतच नाही, एक-दोन मिलिमीटर कमी पडतंय असं झालं तर जोर लावायचा नाही, बहुतेक करून आत निडल आडवी पडलीय. कप परत काढा, निडल सरळ करा, परत बसवा. इथं हातोडीनं ठोकून क्लिप बसवली तर निडल तुटते आणि नवा क्रॉस थोड्याच दिवसात जुन्यासारखा वाजतो.

चारही क्लिपा बसल्या की फोर्कच्या कानावर प्लास्टिकच्या हातोडीनं दोन हलक्या टिचक्या मारा, कप बाहेर सरकून क्लिपला टेकतात आणि जॉइंट मोकळा होतो. आता बोटानं चारही बाजूंना हलवा. सगळीकडं सारखा, थोडा घट्ट पण गुळगुळीत हलला पाहिजे, मधेच अडकायला नको आणि सैल लोंबायला पण नको.

ग्रीस लिथियमचं ईपी 2 नंबरचं चालतं, साधारण सगळीकडं मिळतं. गन लावून हळू पंप करा, चारही सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत. तीनमधून आलं आणि चौथ्यातून नाही तर जॉइंट हलवत परत पंप करा, चौथा कोरडा सोडून गाडी जोडायची नाही.

परत जोडणं आणि चालवून बघणं

स्लिपला ग्रीस, खुणा खुणेला, शाफ्टच्या दोन टोकांचे फोर्क एका रेषेत. नायलॉकचे नट (आत नायलॉनची रिंग असलेले) नवे घ्या, ते स्वस्त असतात. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा, किती आवळायचे ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधे दिलेलं असतं, टॉर्क पाना नसला तर शेवटचं आवळून गॅरेजवाल्याकडून करून घ्या. गिअरबॉक्समधून ऑइल गेलं असेल तर लेव्हल बघून भरा. सगळी हत्यारं मोजून बाहेर काढा, गुटके सगळ्यात शेवटी.

आधी गावातल्या गावात रिव्हर्स-पहिला करून टक गेला का बघा, मग हायवेला 40, 60, 80 असं वाढवत थरथर बघा. नवीन थरथर आली असेल तर पहिला संशय स्लिपच्या खुणेवर घ्या, दुसरा आवळलेल्या जॉइंटवर. परत येऊन कपाला हात लावा, गरम असणं ठीक आहे पण एकच कप बाकीच्यांपेक्षा खूप जास्त तापला असेल तर तो आतून आवळलेला आहे, परत काढावा लागेल.

शंभर-दोनशे किलोमीटर झाले की फ्लँजचे बोल्ट परत एकदा तपासा. त्यानंतर ग्रीस गाडीच्या पुस्तकात दिलंय त्याप्रमाणं, पण नदीनाल्याच्या पाण्यातून किंवा शेतातल्या चिखलातून गाडी काढली असेल तर पुस्तकाची वाट बघू नका, त्याच आठवड्यात शाफ्ट धुवा आणि चार-पाच पंप मारा. आणि दोन क्रॉसपैकी एक गेला असेल, दुसरा तेवढाच जुना असेल, तर शाफ्ट खाली आलेलाच आहे तेव्हा दोन्ही बदलून घ्या.